नावलौकिक, एकूण रक्कम

ग्रिम्सबीत समुद्र दिसायच्या आधी त्याचा वास येतो,
आणि वासाच्याही आधी, स्टेशनातून बाहेर पडताच,
सायंदैनिकाच्या कचेरीवरचं घड्याळ.
चार मिनिटं मागे.
मालमत्तेच्या यादीत मी लिहिलं:
भिंतीवरचं घड्याळ, नग एक, किंमत शून्य.

मी हिशेबनीस. लीड्सहून आलेले.
एकशे एक्कावन्न वर्षं निघणारा कागद
किती पौंडांना पडेल, एवढंच सांगायचं.

घेणारी कंपनी कॅलिफोर्नियाची.
तिला दैनिक नकोय.
तिला आजवर छापलेलं सगळं हवंय,
म्हणजे तिचं यंत्र ते खाईल आणि बोलायला शिकेल.
टॅनर लिंडक्विस्ट पडद्यावर पाणी पीत म्हणाला,
"हा वारसा आम्ही जपणार आहोत."
जपणं हे क्रियापद आमच्याकडे
लोणच्याला लावतात, नाहीतर माणसाच्या मनाला,
आणि दोन्हीकडे अधूनमधून झाकण उघडून बघावं लागतं.

आधी यांच्यासारख्यांनीच जाहिराती नेल्या.
मग वाचक नेले.
मग म्हणाले, अरेरे,
तुमच्याकडे ना जाहिराती ना वाचक,
तेव्हा भाव जरा खालीच धरू.
याला बाजार म्हणतात.
आमच्या गल्लीत दुसरा शब्द होता,
तो करारनाम्यात चालत नाही.

(मी तरी कुठली सोवळी?
सतरा वर्षं या देशात आहे,
एकदाही पेपर विकत घेतलेला नाही.
बसथांब्यावर, अंगठ्याने, फुकट.)

तळघरात डोरीन ब्लँचर्ड.
एकेचाळीस वर्षं मृत्युवार्ता लिहितेय.
दर ओळीला पैसे,
पण खलाशांच्या बायकांकडून
शेवटच्या ओळीचे घेत नसे. हिशेबात ते कुठेच नाही.
तिने एक जाडजूड बांधणी उघडली: मार्च त्र्याऐंशी.
'लेडी मॅरिगोल्ड' बुडाली, पान एक, सात नावं.
सातवं नाव रेग स्टॅमर्सचं.
"हा बोटीवर चढलाच नव्हता.
दारूच्या गुत्त्यात बाकाखाली झोपला होता.
दुसऱ्या दिवशी हातात मासा घेऊन आला इथं,
म्हणाला, मी मेलेलो नाही, आईला कळवा.
मग दुरुस्ती छापली. पान अकरा, चार ओळी."
पुस्तक न मिटता तिने विचारलं,
"तुमचं यंत्र पान एक खरं मानेल, की पान अकरा?"

हा प्रश्न मी रीतसर पाठवला, अनुक्रमांक सत्तेचाळीस.
नऊ मिनिटांत उत्तर:
फारच छान प्रश्न. पुढल्या टप्प्यात बघू.

सांगलीच्या कॉलेजात गुडविलला नावलौकिक म्हणत.
दिसत नाही, हाती लागत नाही,
तरी मालमत्तेच्या बाजूला लिहायचा.
मी दुसऱ्या बाजूला लिहिला होता. दोन मार्क गेले.
आज नीट जागी लिहिला,
स्वल्पविराम देऊन, लाखांत.
त्यात डोरीनच्या न घेतलेल्या ओळी आल्या का?
रेगचा मासा?
सूत्रात असं काही नसतं.
सूत्र गेल्या तीन वर्षांचा नफा बघतं,
आणि नफा नव्हता.

निघताना मी सहज म्हटलं,
तुमचं घड्याळ मागे पडलंय.
"पडलेलं नाही गं.
अंक छापायला जायची वेळ त्या घड्याळावर.
धक्क्यावरून धावत येणाऱ्या बातमीदाराला
चार मिनिटं मिळावीत म्हणून
आम्हीच मागे ठेवलंय. कोणाला सांगू नकोस."

मी सांगितलं नाही.
परतीच्या गाडीत यादी उघडली,
शून्य खोडलं, चार लिहिलं.

सकाळी टॅनरचा शेरा आला:
चार म्हणजे काय? पौंड, की हजार?

अजून उत्तर दिलेलं नाही.