टप्पे

नसरीन म्हणाली, आपल्याकडं समुद्र नाही तर नाही,
काठ तर आहे.
काठाकाठानं जाऊ, पैठणहून नांदेडपर्यंत.
बावन्नाव्या वर्षी गाडी शिकलेली ती,
भाच्याची जुनी ओम्नी,
मागं सीटऐवजी कांद्याच्या दोन गोण्या, नांदेडला पोचवायच्या.

मी बावीस वर्षं कंडक्टर.
या वाटेवरची गावं मला तोंडपाठ,
म्हणजे त्यांची स्टँडं तोंडपाठ:
चौकशीची खिडकी, बंद पडलेलं घड्याळ,
भिंतीआडचा तो वास.
स्टँडाच्या मागं गाव कसं असतं
ते बघायला डबल बेलनं कधी वेळ दिला नाही.

नाथसागरावर पोचलो तेव्हा दाट धुकं,
पलीकडचा काठ नव्हताच.
"बघ, झाला की नाही समुद्र?"
मग कुणीतरी पाण्यावर गुलाबी रेघ ओढली,
आणि रेघेला पाय होते.
रोहित. माना खाली, चोची उलट्या,
हिशोब जुळेना म्हणून वहीत डोकं घातलेल्या
कारकुनांसारखे.

डेपोत एक जुना दरतक्ता होता.
त्यात एका टप्प्यावर लाल शाईची काट,
धरणात गेलेलं गाव.
नाव वाचता येत नव्हतं, अंतर तेवढं उरलं होतं:
साडेसहा किलोमीटर.
तो टप्पा इथंच कुठं असणार,
आणि हे शे-दोनशे प्रवासी
गुडघाभर पाण्यात उभे.
कुणालाच गाडीची घाई नाही.

शहागडला पुलाखाली तळलेली मरळ.
तळणारी बाई माझ्याकडं बघत राहिली.
"गेवराई गाडीला होता ना तुम्ही?
सुट्टे नव्हते, तिकिटामागं लिहून दिलं होतं,
दोन रुपये."
मी दिले. तिनं घेतलेही, खालीवर करून बघून.
मग एक तुकडा जास्तीचा टाकला ताटलीत,
नुसत्या काट्यांचा.

पाथरीत पंक्चर.
इलियास नावाचं पोरगं, दुकान म्हणजे लिंबाखाली एक पेटी,
आणि जुन्या टायरीत बसलेला पिंगळा, एक पंख लुळा.
"दिवसा झोपतो," इलियास म्हणाला,
"रात्री दुकान राखतो."
पिंगळ्यानं एक डोळा उघडला,
आमच्या स्टेपनीकडं बघितलं
आणि मिटला.

सोनपेठच्या अलीकडं ज्वारी हुरड्यावर आलेली,
उन्हं कलतीला.
नसरीननं करकचून ब्रेक दाबला.
काळविटं.
आधी एक मादी, मग भसकन सगळा कळप,
डांबराला खूर लागतो न लागतो.
मी मोजत होते, हात आपोआप मोजतो,
एकोणीस फुल, चार हाफ.
शेवटचं पाडस रस्त्याच्या कडेला थबकलं,
डांबर हुंगलं, मागं पाहिलं,
आणि उडालं पलीकडं.

मी टपावर दोनदा टकटक केलं.
नसरीन हसली, पण गाडी हलवली नाही तिनं.
"थांब बाई. अजून एक हाय."

ज्वारीतून काहीतरी खाली, हळू, राखाडी.
लांडगा.
बरगड्या मोजता याव्यात असा.
रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला,
आमच्याकडं पाहिलं,
त्यात ना भीती ना ओळख,
आणि कळप गेला त्याच वाटेनं गेला, पावलं न उचलल्यासारखा.
त्याला कसलं तिकीट फाडायचं
मला सुचेना.

मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
मागं कांदे गडगडत होते.

गंगाखेडला घाटावर अंधार.
नसरीननं चपला काढल्या, सलवार वर धरली,
चार पायऱ्या उतरली,
ओंजळ भरून जिभेला लावली.
"खारं नाही," म्हणाली,
थोडी रुसूनच.

नांदेड उद्या.
मी पायरीवर बसून पुन्हा मोजलं,
एकोणीस फुल,
चार हाफ.
शेवटच्या हाफापाशी दर वेळी अडत होते.