पावलाभोवतीची रेघ

डर्बीशायरमधलं लहानसं गाव,
चर्चचं छप्पर शिशाचं.
नेस्टा व्रॅग त्यावर गुडघे टेकून बसलीय,
निळे हातमोजे, तोंडावर मास्क, अंगभर कागदी पोशाख.
जुना पत्रा ती कडेनं उलगडतेय
साय काढावी तसा, सावकाश.

खालून पांढरं निघतं.
पिठासारखं. फुंकर मारावीशी वाटणारं.
फुंकर नाही मारायची.
झाडूही नाही. आधी पाण्याचा फवारा,
मग ओल्या फडक्यानं टिपायचं,
फडकं पिशवीत, पिशवीचं तोंड गच्च,
वर चिठ्ठी.
शिडीशी उभा नवखा पोरगा, टोबियस,
विचारतो, एवढं कशाला?
ती म्हणते, धूळ ऐकते रे,
पण कोरडी असेपर्यंत नाही.

आपल्या शिसपेन्सिलीत शिसं नसतंच,
नुसतं नाव मिरवत फिरते ती दप्तरातून.
खरं शिसं नाव सांगत नाही.
जुन्या खिडकीच्या रंगात ते गोड लागतं,
पोरं चाटतात.
गोड बोलून गळा कापणारा
निदान बोलतो तरी.
हे मुकाट हाडात शिरतं,
कॅल्शियमच्या जागी पोटभाडेकरू होऊन बसतं,
आणि वीस-तीस वर्षांनी
बाईला दिवस गेले, म्हातारपणी हाड झिजलं,
की पुन्हा रक्तात उतरतं.

काम हाडीमाशी मुरलंय, असं आपण कौतुकानं म्हणतो.
एमॉस व्रॅगबद्दल गाव तेच म्हणायचं
आपल्या भाषेत.

एमॉस, नेस्टाचा बाप.
दुपारी त्याच हातांनी पाव मोडायचा,
संध्याकाळी त्याच कोटात घरी यायचा.
आई कोट चुलीमागे झटकायची,
पाळण्यापासून हातभर.
पाळण्यात नायजेल.
नायजेलला पुढे शाळेत अक्षरं धरवेनात,
ओंजळीतून वाटाणे निसटावेत तशी निसटायची.
कारण कोणी सांगितलं नाही.
कोणी विचारलंही नाही.
बापाचं मनगट मात्र सगळ्यांनी पाहिलं,
शेवटी शेवटी लोंबायचं.
शर्टाची बटणं नेस्टा लावायची.

उत्तरेच्या उतारावर, पन्हळीपाशी,
तिला ती दिसते.
काम संपलं की जुने कारागीर
पत्र्यावर आपला बूट ठेवून
भोवती खिळ्यानं रेघ ओढायचे,
आत नाव, साल.
तशी एक: ए. डब्ल्यू., १९७४.
आणि त्या बुटाच्या आत, टाचेकडे,
दुसरी. वीतभरही नाही.
बक्कल असलेल्या सँडलची.
नाव नाही.

पाच वर्षांची होती ती.
बापाच्या खांद्यावरून वर आलेली.
पत्रा उन्हानं ऊबदार,
खिळ्यानं पायाला गुदगुल्या.
आणि हातावर सांडलेला जॅम
तिनं तिथेच बसून चाटला होता, एकेक बोट.

हातमोजा काढावा,
तळवा ठेवावा एकदा.
मोज्याची कड दोन बोटांनी धरतेही.
टोबियस पाहतोय.
दर तीन महिन्यांनी तिच्या रक्ताचा आकडा येतो,
ती तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिते,
मागच्या खेपेला तेरा.

मोजा काढत नाही.
मोजून चौकोन आखते, कात्रीनं पत्रा कापते.
बाकीचं सगळं भट्टीत जाईल, नवा पत्रा होऊन परत येईल.
हा तुकडा चर्चच्या भिंतीत, काचेमागे.
लहान पायाबद्दल
ती कोणाला काही सांगत नाही.

खाली उतरल्यावर नळ, साबण, नखांचा ब्रश.
पोशाख इथेच. बूट इथेच.
केससुद्धा धुते ती, थंडीतही.
टोबियस तसाच सँडविच काढतो,
ती नुसती त्याच्याकडे बघते.
तो नळाकडे जातो.

घरी नायजेल, पन्नाशीचा,
टेबलावर दोन ताटल्या मांडून बसलेला.
विचारतो, रिकाम्या हातांनी आलीस?
हो, ती म्हणते,
आणि दोन्ही तळवे त्याला दाखवते.