तीन चिठ्ठ्या

आदल्या रात्री मी नागमोडी रेघ ओढते वहीत.
एक, दोन, तीन, मग उलटं वळून चार, पाच, सहा,
बटाट्याच्या शेतात नांगर वळतो तशी.
चोवीस मुली, आठशे मीटर, तीन रांगा,
कुठल्याही रांगेला झुकतं माप नको.
बाहेर रात्रीचे अकरा, आणि कायानीच्या तळ्यावर
ऊन अजून कलंडून पडलेलं.
चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं मी.
बरोबर आणि न्याय्य यांत फरक असतो
हे मात्र निवृत्तीनंतर कळलं, या मैदानावर.

सहावी आणि सातवी सख्ख्या बहिणी निघाल्या,
साइमी आणि हेल्का, एकाच क्लबच्या, एकाच रांगेत.
नियम म्हणतो, शक्यतो वेगळ्या करा.
मी सातवीच्या जागी आठवी ठेवली.
रबराचा कण फुंकला.
आठवी म्हणजे सानेल्मा रीपात्ती,
सीमेकडच्या एका गावची, जिथे ट्रॅक नाही,
लाकडाच्या ट्रकांचा रस्ता आहे फक्त.

कुठली रांग आधी धावेल, ते चिठ्ठ्या ठरवतात.
माझ्या कॉफीच्या मगात तीन घड्या,
आणि त्या काढायला मैदानाच्या रखवालदाराचा मुलगा,
सहा वर्षांचा, बोटांना दालचिनीच्या बनाची साखर.
नाव ओन्नी. आमच्या भाषेत ओन्नी म्हणजे नशीब.
पण हे नाव इथे गल्लीत चौघांचं असतं,
त्यात काही शोधू नये.

पहिली हीट सहा वाजता.
तळ्यावरून वारा सरळ छातीवर.
आठही जणी एकमेकींच्या आडोशाला,
पुढे व्हायला कुणीच तयार नाही,
पहिली फेरी चालल्यासारखी.
मग शेवटच्या दोनशे मीटरमध्ये अचानक
सगळ्यांना आपापले पाय आठवले.
सानेल्मा तिसरी. दोन अकरा छेचाळीस.
प्रत्येक हीटमधून दोघी थेट,
उरलेल्यांतून वेळेवर आणखी दोघी.
ती गवतावर बसली, बूट न काढता,
आणि दुसऱ्यांचं धावणं बघू लागली.

दुसऱ्या हीटने काही बिघडवलं नाही.
तिसऱ्या वेळी वारा पडला.
बर्चच्या पानाची बाजूसुद्धा पालटेना.
आणि त्या मुलींना आकडा ठाऊक होता,
भोंग्यावरून दोनदा वाचला होता कुणीतरी.
पेपर आधी फुटावा, तोही कुणी न फोडता.
तिसरी आली दोन अकरा चाळीसला,
चौथी त्रेचाळीसला.
फोटोत छाती, खांदा, एक उभी रेघ.
तीन शतांश म्हणजे किती?
डोळ्याची पापणी अजून निम्मीही मिटलेली नसते.

ती टेबलाशी आली.
मी नियमांचं पुस्तक उघडून ठेवलं होतं,
तक्रारीचा कागद, शुल्काची पावती, पेन.
तिने कशालाच हात लावला नाही.
म्हणाली, "मी आठवी होते ना?
आठवी मधल्या रांगेत येते. मी घरी मांडून पाहिलं होतं."
मी तिला बहिणींचं सांगितलं.
तिने मान हलवली, गणित पटल्यासारखी.
मग विचारलं, "आणि पहिली हीट आमची, ते कुणी ठरवलं?"

टेबलाखाली ओन्नी बसला होता,
बनाचा मधला, मऊ भाग शेवटी खायला ठेवून.
त्याचं डोकं माझ्या गुडघ्याला टेकलेलं.
मी म्हणाले, "मी."
खोटं नव्हतंच पूर्ण. मग माझा होता.

दुसऱ्या दिवशी अंतिम शर्यत.
धावणाऱ्यांचे जॅकेट उचलायला मुली कमी पडल्या
तेव्हा सानेल्मा पुढे झाली.
आठ टोपल्या, आठ लेन.
पाचव्या लेनमागे ती जरा जास्त वेळ थांबली,
की मलाच तसं वाटलं.
पिस्तूल वाजलं. ती टोपल्या घेऊन निघाली
गवताच्या कडेने, शेवटाच्या रेषेकडे,
आधी चालत,
मग, कुणी सांगितलेलं नसताना, धावत.

माझ्या वहीत तेवढीच नोंद राहिली:
वारा नाही. आकाश स्वच्छ.