सत्तावीस अंश

होकायंत्राच्या दोरीला एक किल्ली असते,
नखाएवढी, पितळी.
माझ्या वडिलांनी ती एकदाच वापरली,
लग्नाआधी, रॉकी हार्बरच्या धक्क्यावर बसून:
स्क्रू फिरवला पश्चिमेकडे सत्तावीस अंश,
आणि मग पन्नास वर्षं
त्याला कुणाला हात लावू दिला नाही.

नकाशाही त्याच वर्षीचा.
घड्यांवर विरलेला, कॉडच्या तेलाचा वास येणारा.
समासात तीन दिशांचं छोटं चित्र:
चांदणी म्हणजे खरी उत्तर,
बाण म्हणजे सुईची उत्तर,
आणि तिसरी एक रेघ, जिच्याबद्दल
हेडली क्रिच एवढंच म्हणत, "ती सरकारची."
चित्राखाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं
की हा दिक्पात दरवर्षी थोडा कमी होत जाईल.
ते वाचायला चष्मा लागतो,
आणि चष्मा त्यांनी फार उशिरा केला.

मी निघाले ऑगस्टात, एकटी, वरच्या पठारावर.
तिथे वाट नाही. तळी आहेत,
एकाच बाईच्या तक्रारींसारखी, सगळी सारखी.
टकामोर आहे: वाऱ्यानं चेपलेली स्प्रूसची झाडं,
उंची कमरेएवढी, वय शंभरच्या पुढे;
त्यात शिरलेला माणूस चालत नाही, पोहतो.
आणि धुकं. त्याला आमच्याकडे
कुणी हवामान म्हणत नाही.

पहिल्याच दुपारी तळं चुकलं.
मी तर सगळं नियमानं केलं होतं.
चाकू पाठपिशवीच्या तळाशी, होका छातीशी,
श्वास सोडून सुईला थांबू दिलं,
समोरचा एक खडक धरला, गाठला, दुसरा धरला.
दक्षिणेला तीन किलोमीटरवर पाणी लागायला हवं होतं.
लागली ती हवा.

थांबले ती एका कॅरिबूमुळे.
ती खाली मान घालून उभी होती
आणि तिच्या तोंडाखाली गवत नव्हतं, जमीन नव्हती.
ढग होता, आणि ढगाच्या पुष्कळ खाली
दगडाच्या भिंतींमध्ये कुठेतरी पाणी बोलत होतं.

रात्री तंबूत खिसे उलटे केले.
पार्कच्या कचेरीत डल्सी पार्सन्सनं
पावतीच्या मागे लिहून दिलं होतं: "१८ प."
मी तेव्हा हसले होते. म्हटलं होतं,
आमच्या घरी ठरलेलं आहे.
नऊ अंश. तीन किलोमीटरला पावणेपाचशे मीटर.
उजवीकडे. म्हणजे समुद्राकडे. म्हणजे कड्याकडे.

शाळेत बाई म्हणायच्या, नुसतं उत्तर नको, रीत दाखव.
वडिलांची रीत चोख होती.
उत्तर तेवढी सरकली होती.

स्क्रू गंजलेला नव्हता, रुसलेला होता.
पावावरचं थोडं लोणी बोटानं लावलं,
किल्ली चिमटीत धरली, आणि तो करकरला:
सव्वीस. पंचवीस, मी जन्मले त्याच्या आसपास.
चोवीस. तेवीसवर कुठेतरी मासेमारी बंद झाली,
बोटी उलट्या झाल्या, भाऊ अल्बर्टाला गेला.
बावीस, एकवीस मला नीट आठवत नाहीत.
वीसवर आई.
अठरावर हात काढला तेव्हा
अंगठ्यात किल्लीचा वळ उमटला होता.

पुढचे तीन दिवस प्रत्येक तळं
जिथे असायला हवं तिथेच होतं.
यात सांगण्यासारखं काही नाही.

परतल्यावर, त्यांच्या दारासमोर, गाडी बंद करून,
मी स्क्रू पुन्हा सत्तावीसवर नेला.
ते स्वयंपाकघरात खिडकीशी बसले होते.
आकडे आता दिसत नाहीत त्यांना;
होका हातात घेऊन अंगठा फिरवला डबीवर,
मागे, पुढे, स्क्रूपाशी थोडा जास्त वेळ.
"नीट चाललं?"
"अगदी."
त्यांनी अंगठा हुंगला.
"लोणी," म्हणाले.

किटली शिटी घालेपर्यंत आम्ही दोघं गप्प.
मग त्यांनीच विचारलं, "किती निघाले?"
"अठरा."
"हं."
बाहेर कुणीतरी लाकडं रचत होतं, ते ऐकत राहिले.
"आणि ती सरकारची रेघ?"
"होती तिथेच आहे."
"असणारच," ते म्हणाले,
आणि कपासाठी हात पुढे केला,
जरासा उजवीकडे.