उचकी

भुसावळात, जामनेर रोडला,
माझ्या मोटर-वाइंडिंगच्या दुकानावर दहा बाय बाराची खोली.
तिथे दर शनिवारी आम्ही पाच जण
आणि हप्त्यांवर घेतलेलं कराओकेचं मशीन.
एप्रिलपासून वरचा पत्रा असा तापतो
की रात्री नवालाही माईकची जाळी ओठांना चटका देते.

खलील पिंजारी विरहाची गाणी म्हणतो.
त्याची बायको तीस वर्षांत
माहेरीसुद्धा आठ दिवसांवर राहिलेली नाही.
हिरामण सपकाळे, लोको शेडमधून रिटायर,
सूर सुटला की खोकल्याचं नाव पुढे करतो.
बऱ्हाटे गात नाही. बऱ्हाटे भरीत आणतो,
केळीच्या पानात, कांद्याच्या पातीसकट.
तेवढ्यावर त्याची मेंबरशिप आहे.

आणि शालिग्राम झांबरे जपानी गातो.

एकच गाणं.
एक्क्याण्णव साली कंपनीनं पंप शिकायला धाडलेलं त्याला
तिकडच्या उत्तरेतल्या कुठल्याशा बंदरात, एकोणीस महिने.
गावाचं नाव तो दर वेळी जरा वेगळं सांगतो.
एक फोरमन होता, पंचावन्नच्या पुढचा,
दिवसभर खेकसणारा,
आणि रात्री सहा स्टुलांच्या गुत्त्यात
याला शेजारी बसवून तेच ते म्हणणारा.
पडद्यावर बर्फ, एक बोट, छत्रीखाली पाठमोरी बाई.
टाय सैल केलेली माणसं आपापल्या ग्लासात बघत बसायची.
कोणी कोणाला काही विचारायचं नाही.
“तठी रडाले बी मशीन लागे, भो,” म्हणतो शालिग्राम.

वहीत, पंपाच्या आकृतीच्या मागच्या पानावर
त्यानं ते देवनागरीत उतरवून आणलं.
शब्द तीनच कळतात: बर्फ, जहाज, आसू.
बाकीच्या जागा आम्ही आपापल्या भरतो.
हिरामणनं तिथे एक वाफेचं इंजिन उभं केलंय,
भंगारात जाताना ज्याला त्यानं हार घातला होता.
मी कोणाला ठेवलंय ते राहू द्या.

मशीनमध्ये ती धून नाही.
हिरामण टेबलावर ठेका धरतो,
कुलर आपला पाणी फेकतो तोंडावर,
आणि छेचाळीस डिग्रीत शालिग्राम
डोळे मिटून बर्फातून चालू लागतो.

मे महिन्यात त्याची पुतणी आली. मृणाल.
पुण्यात जपानी शिकते.
तिनं वही मांडीवर घेऊन दोनदा ऐकलं.
मग म्हणाली, “काका, यातले निम्मे शब्द शब्दच नाहीत.
गाणारा प्यायलेला असणार.
आणि तिसऱ्या ओळीत हे जे ‘हिक्’ आहे ना,
ती उचकी आहे.”

पहिल्यांदा खलील हसला. मग सगळे. मग एकदम कोणीच नाही.

तेहतीस वर्षं हा माणूस
परक्या माणसाची उचकी
सुरात, जागेवर, मात्रा न चुकवता घेत आला होता.

पोरीनं नीट शब्द लिहून दिले, खाली अर्थ.
शालिग्रामनं तो कागद न वाचता
चष्म्याच्या घरात घडी करून ठेवला.
तेव्हा बऱ्हाटे बोलला, भरिताचे हात पुसत,
“उचकी म्हन्जे...
कोनीतरी आठोन काढत व्हतं त्याची.”

कुलरचं पाणी संपलं होतं. कोणी उठलं नाही.

पुढच्या शनिवारी गाणं तेच, तसंच चुकीचं.
तिसऱ्या ओळीला आम्ही पाचही जण,
हो, बऱ्हाटेसुद्धा:
हिक्.

घरी जाताना फाटक पडलेलं.
दीपनगरकडे कोळसा निघालेला,
मी स्कूटर बंद करून वाघिणी मोजत होतो.
छत्तीस, सदतीस,
आणि खरीच लागली.
छातीतून, एकामागून एक.

हँडलला पाण्याची बाटली लटकत होती.
मी पाणी प्यायलो नाही.