फटीचं माप

पाच कंदिलाकडून आत वळलं की
सायकलच्या दुकानाला लागून आमचा एक खण.
पाटीवर अजून मामूंचंच नाव,
याकूब शिकलगार, बंदूक दुरुस्ती,
खाली परवान्याचा नंबर, त्याखाली
कुणीतरी खडूने लिहिलेलं : मिक्सर पण.

मे महिना. वीज गेलेली, लेथ गप्प.
दोंडाईच्याहून उदेसिंग गिरासे आले,
रिव्हॉल्व्हर धुतलेल्या टॉवेलात, रजिस्टर बगलेत.
मोठ्या फ्रेमचं, तीनशे सत्तावन मॅग्नम,
माझ्या जन्माआधीच्या निळ्या पॉलिशचं.
कडांवरचं निळं चामड्याच्या म्यानाने
कधीच खाऊन टाकलं होतं.

"दर रविवारी क्लबात बारा गोळ्या.
सव्वीस वर्षं. सगळं लिहिलेलं आहे.
जुनं लोखंड, त्याला काय होतंय?"
मी मनात गुणाकार केला. सोळा हजारांच्या वर.

सहाही घरं रिकामी. दोनदा पाहिलं,
तिसऱ्यांदा मामूंसाठी.
मग सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीत
फीलर गेजची पाती.
सहाचं गेलं. आठचंही गेलं.
दहाचं अडकलं, जरासं कुरकुरून.

वरच्या पट्टीच्या पोटात ज्वाळेने कोरलेली रेघ.
ती दाखवली तर गिरासेंचा चेहरा उतरला.
"हिला भिऊ नका," मी म्हणालो,
"आधी आधी खोल जाते, मग आपोआप थांबते.
ज्वाळेला तिथवर पोचता येत नाही."

घोडा अंगठ्याने सावकाश मागे घेतला.
चार घरं वेळेवर कुलपात बसली. दोन उशिरा.
सिलिंडर फिरवणारा इवलासा तुकडा असतो,
आमच्यात त्याला हातच म्हणतात.
तो झिजला होता.
शेवटी शेवटी मामूंचाही अंगठा
कानशीवर असाच उशिरा मिटायचा,
आणि ते चिडून रेडिओ मोठा करायचे.

एक गोष्ट मात्र गोळ्यांच्या हिशेबात बसेना.
सिलिंडर ज्या बिजागरीवर बाहेर येतं
तिचा दांडा किंचित वाकलेला.
गोळीने असं होत नाही.
मनगटाच्या एका झटक्यात, सिनेमात मिटवतात तसं,
खाडकन मिटवलं की होतं.
"घरात कुणी लहान?"
"कुणी नाही. पोरं नाशिकला. कपाटाची किल्ली गळ्यात."

बाहेर कुणी टायरमध्ये हवा भरत होतं.
गिरासे रजिस्टरची पानं उलटत राहिले,
जणू कुठल्या तरी रविवारी ते लिहिलेलं सापडेल.
मग खालच्या आवाजात, अहिराणीत :
"रातले. आरसाम्होरे. रिकामंच राहस."

एकाहत्तर वर्षांचा माणूस.
मी हसलो नाही. दांड्याकडे पाहत राहिलो,
तर दांड्यातही तेच,
बनियनवर, ट्यूबलाइटखाली,
एका हाताने खाडकन.

दोन महिने लागले.
हात नवा घडवला, दांडा सरळ केला,
कागदाहून पातळ वॉशर घालून हलणं थांबवलं.
फ्रेम तशीच ठेवली. तिला हात लावावा
असं काही तिने केलं नव्हतं.

नेताना बजावलं :
मॅग्नम वर्षाकाठी एखाद्या सामन्याला,
एरवी हलक्या भाराच्या गोळ्या.
धातू दमतो, पण दमल्याचं लगेच सांगत नाही.
आणि मिटवायचं दोन्ही हातांनी.

"आखो कितला दिन चालई?"
मामू गिऱ्हाइकांशी अहिराणीच बोलायचे.
मी त्यांच्याच आवाजात म्हणालो,
"थकेल शे, मरेल नही."
गिरासेंनी टॉवेलाची घडी घातली,
पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

दुरुस्तीच्या वहीत कारणाचा रकाना असतो.
मी लिहिलं :
नियमित वापर.