मात्रे

निपाणीच्या मेडिकलवाल्यानं पाकीट
आधी पेपरात गुंडाळलं, मग काळ्या पिशवीत घातलं,
मग वर गाठ मारली.
खोकल्याचं औषध तो असं देत नाही.
मी काय बोलले नाही. गाठ घेऊन घरी आले.

भाग्यश्री सोळाची.
कधी दोन-दोन महिने काहीच नाही,
मग आठ दिवस चटईवर पोट धरून वाकडी,
शाळेतनं मैत्रिणी धरून आणायच्या.
शेजारची अक्काताई म्हणाली, लग्न झालं की थांबतंय सगळं.
डॉक्टर अंगडीबाई म्हणाल्या, लग्न औषध नव्हे.
त्यांचं मराठी तोडकं, पण हे वाक्य सरळ आलं.
मग एकेक विचारत गेल्या :
डोकं अर्ध्या बाजूनं दुखतंय काय?
टीबीच्या, फिटच्या गोळ्या चालू हाईत काय?
घरात कुणाच्या पायात रक्त गोठलेलं?
आणि मला म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर बसा.

बाहेर बसले.
पंचवीस विड्यांचं बंडल होतं तेवढा वेळ.
आत काय बोलणं झालं
मी अजून विचारलेलं नाही.

दवाखान्यातनं दिलेला कागद कन्नडात.
मला बससुद्धा नंबरावरनं कळते.
रात्री भाग्यश्री वाचते, मग मराठीत सांगते :
रोज एकाच वेळेला.
विसरली तर आठवल्याबरोबर.
एकवीस दिवस, मग सात दिवस सुट्टी.
पाय सुजला, छातीत दुखलं, तर थांबायचं नाही, दवाखाना.
मी पान कापत ऐकते.

कन्नडात एका शब्दाशी ती घाई करते,
मराठीत तो गाळूनच टाकते.
गर्भनिरोधक मात्रे, असं वाचते,
आणि मला सांगते, गोळी.
अगं, आख्ख्या कागदात
तेवढाच एक शब्द मला सांगावा लागत नाही.
पाट्यांवरनं इथं किती डोकी फुटली,
ह्या शब्दावरनं कुणी भांडलं नाही.
दोन्हीकडं तोच आहे
आणि दोन्हीकडं कुणाच्या तोंडात नाही.

मी चोविसाची होते. तिसरं पोर अंगावर.
शाळेच्या वर्गात कॅम्प, बाकं भिंतीला लावलेली,
फळ्यावर कुणाच्या तरी बेरजा तशाच.
कागदावर अंगठा मारला.
तोही कन्नडातच होता.
कुणी वाचून दाखवला नाही, मीही विचारलं नाही.
विचारायचं असतंय, हेच ठाऊक नव्हतं.

म्हटलं, गाळू नको. वरनं परत वाच.
ती वाचते. शब्द येतो. पुढं जातो.
खाली बारीक अक्षरात अजून एक ओळ :
ह्या गोळीनं संबंधातनं होणारे आजार आडत नाहीत.
हे तिनं माझ्याकडं न बघता सांगितलं.
माझी कात्री थांबली.
म्हटलं, मग ते कशानं आडतात, ते लिहिलंय काय?
लिहिलं होतं. तिनं तेही वाचलं.
आम्ही दोघी थोडा वेळ तंबाखूच्या सुपाकडं बघत बसलो.

पिशवीची गाठ सुटेना. दातानं तोडली.
पाकीट फळीवर ठेवलं,
सासूच्या बीपीच्या गोळ्यांना लागून.

परवा नऊला मी सुताची रीळ शोधत होते,
तिच्या मोबाइलचा गजर वाजला.
तिच्या बापानं विचारलं, कसली गोळी ही रोज?
तिनं माझ्याकडं बघितलं, मान हलवली.
मी आख्खा शब्द सांगितला.
त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.
थोडाच.